सोलर पंपाचा कंट्रोलर खोटं व्होल्टेज दाखवतो तेव्हा

आधी लक्षणं सांगतो. जुळली तर पुढे वाचा, नाहीतर तुमचा बिघाड दुसरा आहे.

ऊन कडक, प्लेटा पुसलेल्या, तरी कंट्रोलर 'लो व्होल्टेज' म्हणतो किंवा ऊनच नाही असं समजून झोपून राहतो. डिस्प्लेवर २६० आणि त्याच वेळी आयसोलेटरवर (प्लेटांकडची वीज तोडायच्या स्विचवर) मीटर लावला तर ४१०. किंवा याच्या उलट, मीटरवर सगळं नीट असताना डिस्प्ले वर चढतो आणि 'ओव्हर व्होल्टेज' म्हणून पंप पडतो. बंद करून पुन्हा चालू केला की दहा मिनिटं चालतो. काही डबे, म्हणजे हे कंट्रोलर, सकाळी बरे आणि दुपारी बिघडतात, काही श्रावणात सकाळी बिघडतात आणि ऊन चढलं की आपोआप सुधारतात. मोटर, केबल, विहिरीतलं पाणी, सगळं तपासून झालेलं असते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे बिघाड एका झटक्यात येत नाही. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज.

असा डबा दुकानात आला की मी आता आयसी, डिस्प्ले, प्रोग्राम कशालाच हात लावत नाही. थेट त्या तीन-चार बारक्या रेझिस्टरकडे जातो, जे प्लेटांचं व्होल्टेज मोजण्यासाठी बसवलेले असतात. आमच्या लाईनीत त्याला रजिस्टन्सच म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून लहान, किंमत पैशांत, आणि त्याच्यापायी शेतकऱ्याचं पाणी आठ-आठ दिवस बंद. हे कळायला मला स्वतःला तीन डबे लागले. पहिल्यात मी पूर्ण कंट्रोल कार्ड बदलायला लावलं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्या वेळी कार्ड मिळालं नाही म्हणून नाइलाजानं जुनंच उलटंसुलटं मोजत बसलो, तेव्हा चोर सापडला.

हे रेझिस्टर करतात काय

कार्डावरच्या प्रोसेसरला ४०० व्होल्ट सहन होत नाहीत, त्याला दोन-तीन व्होल्टच चालतात. म्हणून वरून मोठ्या किमतीचे (किंमत म्हणजे इथं ओहम, पैसे नाही) रेझिस्टर एकापुढे एक लावतात, खाली एक लहान, आणि खालच्यावर पडणारं थोडंसं व्होल्टेज प्रोसेसर वाचतो. समजा वर ३३० के (के म्हणजे हजार ओहम) चे तीन आणि खाली ४.७ के चा एक. प्लेटांकडून ४१० व्होल्ट आले तर खाली साधारण १.९४ व्होल्ट पडतात. प्रोसेसर तेवढ्यावरून हिशोब करून ४१० दाखवतो.

आता वरच्या तिघांपैकी एक खराब होऊन ३३० चा ९०० के झाला. खाली १.२३ व्होल्टच उरतात, आणि प्रोसेसर बिचारा इमानदारीनं २६० दाखवतो. त्याचा काही दोष नाही. वरचा रेझिस्टर वाढला की डिस्प्ले कमी दाखवतो, खालचा वाढला की जास्त दाखवतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धा शोध डबा न उघडता होतो.

पहिली तपासणी: डिस्प्ले आणि मीटर एकाच क्षणी

याला पैसे लागत नाहीत. एकानं डिस्प्ले वाचायचा, दुसऱ्यानं आयसोलेटरवर डीसी व्होल्टेज मोजायचं, दोघांनी एकदम आकडा सांगायचा. एकदम म्हणतो कारण पंप चालू असताना कंट्रोलर प्लेटांचं व्होल्टेज सतत वरखाली करत असतो. पाच सेकंदांच्या फरकानं वाचलं तरी तुलना फसते.

दोन्ही आकडे सारखेच कमी असतील तर कार्ड निर्दोष आहे. दोष प्लेटांकडे: प्लेटांच्या वायरी जोडणारा एखादा एमसी फोर कनेक्टर जळाला, उंदरानं वायर कुरतडली, एखाद्या प्लेटेचा डायोड गेला. दोन्ही सारखेच जास्त असतील आणि डिसेंबर-जानेवारीची सकाळ असेल, तर तोही खरा आकडा असू शकतो. प्लेटेवर छापलेलं व्होल्टेज २५ अंशांचं असते आणि थंडीत ते अंशामागे साधारण ०.३ टक्के वाढते. १० अंशांच्या सकाळी ४५० ची रांग ४७० पर्यंत जाते. असा डबा मी एकदा विनाकारण उघडला होता.

आकड्यांत पाच-सात व्होल्टांचा फरक चालतो. पन्नासाचा असेल तर पुढे जा.

मीटरबद्दल एक बोलतो. बाजारात दोनशे रुपयांचा पिवळा मीटर मिळतो. त्याच्या डायलवर १००० व्होल्ट लिहिलेलं असते, पण तारा आणि आतला फ्यूज त्या लायकीचे नसतात. चारशे व्होल्ट डीसी जीव घेऊ शकते, आणि तिची ठिणगी एसीसारखी मध्येच विझत नाही. चांगला मीटर नसेल तर ही पहिली तपासणीसुद्धा करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दुसरी: डबा कुठं टांगलाय ते पाहा

आर्णीकडच्या एका काकाजींचा पंप. फोनवर म्हणाले, "भाऊ, पंप पाणी फेकूनच नाही राह्यला. काल चालला, आज बंद." सहा महिन्यांत तिसऱ्यांदा. मी गेलो तर कंट्रोलर गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. एका कोपऱ्यात फवारणीचा पंप, त्याच्या बाजूला संत्र्यावरच्या कोळी किडीसाठी आणलेल्या गंधकाची तीन पोती, एक फाटकं. भिंतीपलीकडे गोबर गॅसची टाकी. डबा उघडला तर अर्थिंगच्या तांब्याच्या तारेवर काजळी धरल्यासारखा काळा थर होता. काकूंना विचारलं, घरातले देवाचे चांदीचे टाक काळे पडतात का? म्हणाल्या, "घासू घासू हात दुखते, पंधरा दिवसांत पुन्हा काळे."

तिथंच निदान झालं.

या चिप रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना आतून चांदीचा पातळ थर असतो, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर कथिल. मधला भाग काचेच्या लेपानं झाकलेला. काचेचा लेप जिथं संपतो आणि निकेल जिथं सुरू होते, त्या सांध्यात केसभर फट राहते. हवेतलं गंधक, मग ते गोबर गॅसमधलं हायड्रोजन सल्फाइड असो की पोत्यातली भुकटी, त्या फटीतून आत जाते आणि चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करते. टाकांवर चढतो तोच काळा थर. तो वीज नेत नाही म्हटलं तरी चालेल. चांदी खाल्ली जाते तशी रेझिस्टरची किंमत हळूहळू वाढत जाते आणि शेवटी तो पूर्ण उघडा पडतो. म्हणूनच बिघाड आठवड्याआठवड्यानं वाढतो.

कंपन्या रेझिस्टरची गंधकाची चाचणी घेतात ती बंद भांड्यात गंधकाची भुकटी, दमट हवा आणि ५० अंश तापमान ठेवून. आपल्याकडं मे-जूनमध्ये पत्र्याच्या खोलीत पहिल्या पावसानंतर याहून वेगळं काय असते?

रबरी गॅस्केट आणि काही फोममधूनही गंधक सुटते, म्हणून झाकण घट्ट लावलं की डबा सुरक्षित असं धरून चालू नका.

तिसरी: उघडून डोळ्यांनी

इथं थांबून एक नियम. प्लेटांकडचा आयसोलेटर बंद करा, मगच कनेक्टर काढा. चालू लोडवर एमसी फोर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही, हात भाजते. त्यानंतर किमान दहा मिनिटं थांबा आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) मीटर लावून व्होल्टेज उतरलं की नाही ते पाहा. दहा मिनिटं झाली म्हणून उतरलंच असेल, असं गृहीत धरू नका. ही साठलेली वीज उतरवणारा निचऱ्याचा रेझिस्टर गेलेला असला तर तासाभरानंही झटका बसतो. मी शक्यतो डबा काढून दुकानात आणतो आणि दिवेलागणीनंतरच हात घालतो.

उघडल्यावर आधी वास घ्या, मग भिंग. मुंग्यांचं वारूळ, पालीची विष्ठा, कपाशीची धूळ हे नेहमीचंच. ते व्होल्टेज मोजणारे रेझिस्टर शोधायचे: डीसीच्या जाड पट्ट्यापासून निघून प्रोसेसरकडे जाणारी सारख्या चिपांची रांग. बहुतेक वेळा १२०६ मापाच्या, म्हणजे ३.२ बाय १.६ मिलिमीटर. वर ३३०३ लिहिलं असेल तर पहिले तीन आकडे आणि शेवटच्या आकड्याएवढी शून्यं, ३३० के. ४७०१ म्हणजे ४.७ के. लहान ०६०३ चिपांवर कधी दोन आकडे आणि एक अक्षर असते, तो वेगळा कोड. ०१ सी म्हणजे १० के, ३० सी म्हणजे २० के. तक्ता मोबाईलमध्ये ठेवा. ०४०२ वर तर बहुधा काहीच लिहिलेलं नसते.

चिपेच्या टोकाशी, काच आणि कथिल यांच्या मध्ये काळी बारीक रेघ किंवा काजळीसारखे कण दिसले तर मीटर लावायच्या आधीच उत्तर मिळालं. मात्र दिसलं नाही म्हणून निर्दोष समजू नका, लेपाखालची चांदी दिसत नाही.

चौथी: धुणं

आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि जुना टूथब्रश. पेट्रोल नको, थिनर नको, थिनर कार्डावरचा लेपसुद्धा उतरवतो. धुऊन उन्हात तासभर, मग कार्ड लावून पाहा.

हे स्वस्त काम मोजण्याच्या आधी करण्याचं कारण आहे. धूळ, जुना फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो) आणि ओल मिळून ३३० के च्या दोन टोकांमध्ये चोरवाट तयार होते. एवढ्या मोठ्या रेझिस्टरला ओलसर धुळीची वाटसुद्धा पुरते. वरचा रेझिस्टर कमी झाल्यासारखा होतो आणि डिस्प्ले जास्त दाखवतो. पावसाळ्यात सकाळी पडणारे आणि दुपारी सुधारणारे डबे बहुतांशी याच जातीचे. माझ्याकडे श्रावणात येणाऱ्या डब्यांपैकी बरेच नुसत्या धुण्यानं गेले आहेत आणि त्यांचे मी धुण्याचेच पैसे घेतो.

पाचवी: मोजणं

इथं पुष्कळ जण फसतात. रेझिस्टर कार्डावर बसलेला असताना मोजला की बाजूच्या वाटा त्याच्याशी समांतर येतात, त्यामुळं आकडा छापील किमतीइतका किंवा त्याहून कमीच यायला पाहिजे. जास्त येऊच शकत नाही. आला, आणि कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला नाही याची खात्री असली, तर तो रेझिस्टर गेला, काढून पाहायचीही गरज नाही. कमी आला तर मात्र निष्कर्ष काढू नका, एक टोक उचलून पुन्हा मोजा.

आकडा सरकत असेल तर घाई नको, जवळचा कपॅसिटर भरत असतो. आणि दोन्ही प्रोबची टोकं बोटांनी दाबून धरू नका. घामेजल्या हातांचा रस्ता काही लाख ओहमांचा असतो, ३३० के चा २०० के दिसू शकतो. मी एक प्रोब चिमट्यानं लावतो.

एक टक्क्याचा रेझिस्टर ३२७ ते ३३३ के मध्ये बसला पाहिजे. ३४० आला तरी मी बदलतो. दहा के चा फरक आज क्षुल्लक, पण चांदी खाणं सुरू झालेलं आहे, ते थांबणार नाही. आणि रांगेतला एक खराब असेल तर सगळे बदला. एकाच हवेत, एकाच दिवसापासून आहेत.

सगळे नीट मोजले गेले आणि दुपारचाच बिघाड असेल तर हेअर ड्रायर लावून मोजत राहा. कार्ड तापताना फुगते, चिपेच्या सोल्डरला किंवा पोटात तडा असेल तर आकडा उडी मारतो. झाकण आवळताना कार्ड वाकलं की असे तडे जातात, स्क्रूच्या जवळच्या चिपा आधी बघा.

करंट मोजणारा शंट, ज्यावर आर ०१० म्हणजे १० मिलीओहम लिहिलेलं असते, तो साध्या मीटरनं मोजताच येत नाही. मीटरच्या तारांचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो. बेंच सप्लायमधून (करंट ठरवून देता येतो अशा टेबलावरच्या पॉवर सप्लायमधून) २ अँपिअर सोडा आणि शंटच्या टोकांवर मिलिव्होल्ट पाहा. २० मिलिव्होल्ट आले पाहिजेत. ई-रिक्षाच्या कंट्रोलरलाही हेच, फक्त तिथं आर ००२ वगैरे असतात.

सहावी: बदलणं, आणि माझी एक चूक

तिसऱ्या डब्यात चोर सापडल्याच्या आनंदात मी ३३० के चे तीन काढून त्यांच्या जागी ०८०५ मापाचा १ एम (दहा लाख ओहम) चा एकच बसवला. हिशोबात फरक एक टक्का, म्हटलं चालते. वीस दिवसांत परत. कारण ०८०५ ला साधारण १५० व्होल्टच सहन होतात, १२०६ ला २००. तीन रेझिस्टर ४१० व्होल्ट वाटून घेतात, प्रत्येकाला १३७ येतात. मी एकट्याच्या डोक्यावर चारशे ठेवले होते. किंमत आणि वॉट बरोबर असूनही व्होल्टेजनं मारलं. जितके होते तितकेच, त्याच मापाचे बसवा.

विकत घेताना चार गोष्टी सांगा. टक्के: एक. माप: १२०६. तापमानाचा फरक: १०० पीपीएम (अंशामागे दहा लाखांत शंभर भाग) किंवा कमी, १०० पीपीएम म्हणजे ५० अंश वाढीवर अर्धा टक्का, एवढं या कामाला चालते. आणि चौथी, जी कोणी सांगत नाही: अँटी सल्फर. यात आतल्या चांदीत पॅलेडियम मिसळलेलं असते किंवा सांधा झाकणारा जादा थर असतो. गाड्यांसाठीच्या मालावर एईसी क्यू २०० लिहिलेलं असते. तो चांगला माल आहे, तापमानाच्या आणि हादऱ्यांच्या चाचण्यांतून गेलेला. पण नुसतं क्यू २०० म्हणजे गंधक सोसेलच असं नाही, दोन्ही शब्द डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, पाहा. तालुक्याला हे मिळत नाहीत, मी शंभराची पट्टी मागवून ठेवतो. भंगार कार्डावरून काढलेले लावू नका, तेही कुठल्या गोठ्यातून आले असतील.

काढताना दोन्ही टोकांना भरपूर सोल्डर देऊन एकदम सरकवा, चिमट्यानं उपटलं तर पॅड (कार्डावरचा तांब्याचा ठिपका) निघून येते. बसवल्यावर फ्लक्स धुवा. वरून लेप देत असाल तर सिलिकॉनवर विसंबू नका, गंधकाची वाफ त्यातून आरपार जाते. व्हिनेगरसारखा वास येणारं खिडकीचं सिलिकॉन तर कार्डाजवळही आणू नका, त्यातलं ॲसिड तांबं खाते.

जोडल्यावर सकाळी, भर दुपारी आणि चारच्या सुमारास पुन्हा डिस्प्ले आणि मीटर एकाच क्षणी. तिन्ही वेळा जुळलं तरच डबा टांगायचा.

इथं हात काढा

सरकारी योजनेतून मिळालेल्या पंपाची पहिली पाच वर्षं देखभाल पुरवठादाराकडे असते. डबा स्वतः उघडला तर ती गेली. लेखी तक्रार करा, नंबर घ्या, पाठपुरावा करा. वेळ लागतो, चिडचिड होते, तरी उघडू नका.

आयजीबीटी (मोटरला वीज सोडणारा मोठा इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटलेला असेल, कार्ड कोळसा झालं असेल, दोन पट्ट्यांमधला भाग जळून काळा पडला असेल तर रेझिस्टर बदलून काही होत नाही. कोळशातून पुन्हा करंट जातो. कार्ड दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्या किंवा नवीन घ्या. रेझिस्टर बदलूनही महिनाभरात तोच बिघाड आला तरी थांबा, आणखी कुठं तरी सांधा खाल्लेला आहे.

गाड्यांची कार्डंही येतात, ट्रॅक्टर-जीपच्या मीटर कन्सोलपर्यंत हात घालणं ठीक. ब्रेक, एअरबॅग, स्टीअरिंगचं कार्ड असेल तर मी दुकानातूनच परत पाठवतो.

आणि जिनिंगचा किंवा धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा दुपारी वजन सरकवतो म्हणून कोणी आणला तर कारण बहुधा याच कुळातलं असते. लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा भाग, पूर्ण वजनाला ५ व्होल्टवर जेमतेम १० मिलिव्होल्ट देतो, तिथं १०० पीपीएमचा रेझिस्टर उन्हानं तापला तरी आकडा हलतो. २५ पीपीएमचा थिन फिल्म लागतो. पण काट्यावर वैधमापनाचं सील असते आणि ते परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्यानंच काढायचं, पुन्हा पडताळणी करून घ्यायची. मला कारण माहीत असलं तरी मी सील तोडत नाही.

आर्णीच्या काकाजींचा डबा आता विहिरीजवळच्या खांबावर पत्र्याच्या टोपीखाली आहे, उत्तरेकडे तोंड करून. शेवटच्या वेळी डिस्प्लेवर ४०८ आणि मीटरवर ४११ होते. गंधकाची पोती मात्र अजून त्याच खोलीत. म्हटलं, आता हीसुद्धा हलवा. म्हणाले, "मंग ते कुठं ठेवू बाप्पा, देवघरात?"